पोरीचं नाव पुढं करून

ढाणकी
५ सप्टेंबर २००६

नलूताईंना दीपाचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. घरात मोबाइल एकच, तो तुमच्या भावाच्या खिशात असतो. बूथवर जावं तर बूथवाला पाठ करून बसतो अन् कान मात्र आपल्याकडेच. मला जे विचारायचं ते ना यांच्या कानावर जायला पाहिजे, ना गावाच्या. म्हणून हे पत्र.

गोष्ट यशूची आहे. चौथीत गेली, नऊ वर्षांची घोडी झाली, पण बूड टेकत नाही. शाळेतून रोज एक तक्रार. वर्ग चालू असताना खिडकीत चढते. बाईंनी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या तर ही दोन उतरवते अन् तिसरीच्या मधात उठून पाणी प्यायला जाते. परवा एकच चप्पल घालून घरी आली, दुसरी कुठं गेली ते तिलाच ठाऊक नाही. मी पडले अंगणवाडी सेविका. गावातल्या बाया तोंडावर म्हणतात, "मॅडम, आमच्या लेकरायले शिस्त लावता, तुमचं काहून असं?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर हद्द झाली. हे चालवतात त्या मेटॅडोरमध्ये खताच्या गोण्या होत्या. गाठी कशा मारल्या ते पाहायचं म्हणून हिनं ताडपत्रीचे दोर सोडले अन् तशीच पळाली. रस्त्यात पाऊस लागला, खताचं पाणी झालं. मालकानं यांना गाडीवरून काढलं. यांनी पोरीला इतकं मारलं की मी मधात पडले तर मलाही लागलं. तेव्हापासून एकच धोशा, "दिवाळीनंतर हिले पुसदच्या होस्टेलात टाकतो. मले होस्टेलनंच माणूस केलं."

मी यांना न सांगता तिला नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा हट्टही नाही अन् लाडही नाही. काही लेकरांचं मन एका जागी थांबतच नाही, त्यांची घडणच तशी असते. पुष्कळदा आई नाहीतर वडील लहानपणी तसेच असतात. मी तर लहानपणी मुकी बाहुली होते. तेव्हा त्या म्हणाल्या, वडिलांना घेऊन या, नाहीतर त्यांचं लहानपण नीट विचारून या, मग पुढचं ठरवू. यांना विचारलं तर, "मी गुपचूप बसून दहावी झालो," म्हणतात अन् उठून जातात.

ताई, तुम्ही मोठी बहीण. तुमच्या कडेवर वाढले हे. खरं कसे होते ते लिहा. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर टाका, घरच्या नको. भाऊजींना अन् उत्पलाला जयभीम.

तुमची
दीपा


राजूर
१४ सप्टेंबर २००६

दीपास जयभीम.

पत्र भेटलं. दोनदा वाचलं अन् पेटीत ठेवून देल्लं, उत्पलाच्या हाती लागू देल्लं नाई.

सरळ इचारते, राग आला तर येऊ दे. लग्नाले इतके वर्षं झाले, अन् आता तुले नवऱ्याचं लहानपण आठवलं? हे डॉक्टरनं इचारलं का तुझ्या माहेरच्यायनं? पोरात खोट दाखवाची, मंग बापात दाखवाची, अन् मंग म्हणाचं का लग्नात लपवून ठेवलं, फसवलं आमाले. असे खेळ मी पाह्यले हाय, बाई. इथं कोळशाच्या कॉलरीत एका घरचं असंच पंचायतीपर्यंत गेलं.

तं ऐक. प्रफुल्ल लहानपणी गाईसारखा होता. शाळेत पह्यल्या बाकावर बसे. मास्तर त्याचं नाव घेतल्याबिगर राह्यत नोहते. मंग पुसदच्या होस्टेलात दहावी झाला, हे तुले लग्नातच सांगतलं होतं. आमच्या खानदानात असं तसं कोणी झालं नाई, ना कोणी होईन.

पोरगी दांडगी हाय तं काय झालं? लेकरू दांडगंच राह्यते. माय दिवसभर गावच्या पोरायले खिचडी वाढते अन् घरचं पोट्टं मोकाट. उलीसं घरी ध्यान दे, सारं सुधरते. डॉक्टर लागत नाई त्याले.

अन् डॉक्टर कायचा, ते तू लिहिलं नाई. काहून लिहिलं नाई? गाडीवरून काढलं हेही मले तुझ्याच पत्रातून समजलं. प्रफुल्ल तं फोनवर मले म्हणे, गाडी रिपेरीले टाकली हाय. तुमी दोघं मिळून माह्यापासून काय लपवून राह्यले?

माह्या उत्पलाची सोयरीक वणीच्या पाहुण्यायसोबत होऊन राह्यली. मधात तुमच्या ढाणकीचाच देवराव हाय, त्याच्या तोंडाले झाकण नाई. तवा जे बोलशीन ते सांभाळून बोलजो.

दीक्षेले पन्नास वर्षं झाले. दसऱ्याले सारे नागपूरले दीक्षाभूमीवर येऊन राह्यले. तुमी तिघंही या. तोंडावर बोलू.

नलू


ढाणकी
२५ सप्टेंबर २००६

नलूताई, जयभीम.

तुमचं पत्र वाचून रडावं की हसावं ते समजेना. फसवलं असा शब्द माझ्या मनातही नव्हता, तो तुम्हीच काढला. माझ्या माहेरी या डॉक्टरचं कोणाला माहीतसुद्धा नाही.

हे गाईसारखे होते म्हणता, तर मी डॉक्टरीणबाईंना तेच सांगते. म्हणजे मग खोट माझ्यातच. यशू पोटात होती तेव्हा मी माहेरी फवारलेल्या कपाशीत वेचणी केली होती, औषधाच्या वासानं दोनदा चक्कर आली. इतकी वर्षं मनात तेच आहे, की मीच माझ्या लेकराचं वाटोळं केलं. तुमच्या आई, आत्याबाई, जाईपर्यंत म्हणायच्या, "आमच्याकडून असं काई येत नाई." आता तुम्हीही तेच म्हणालात. बरं.

पण एक गोष्ट मला खटकली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही लिहिता पहिला बाक. हे काल यशूला रागावताना म्हणाले, "मी मागच्या बाकावर, खिडकीपाशी बसे, तरी पास होये." दोघांपैकी खरं कोणाचं, ताई? की बाकच नव्हता?

शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, दुसऱ्या सत्रात हिची वेगळी सोय पाहा. वाईट नाहीत त्या, पण साठ पोरं आहेत वर्गात. हे लगेच पुसदला जाऊन होस्टेल पाहून आले. माझ्या मनात येतं, हिला इथं अर्धा तास कोणी सांभाळू शकत नाही, तिथं काय करतील? मारतीलच ना? अन् ही अशी येडी, साऱ्या गल्लीला सांगत फिरते की मी पुसदला जाणार. रात्री मला हळूच विचारते, "आई, होस्टेलात खिडकी असते काय?"

दीक्षाभूमीला आमचं येणं होणार नाही. हे नाही म्हणतात. का ते विचारू नका, मलाही सांगत नाहीत.

दीपा


राजूर
७ ऑक्टोबर २००६

दीपा,

काल नागपूरवरून आली. पाय अजून सुजून हाय. एवढा समुद्रावानी समाज, अन् मी त्यात माह्या एका भावाले शोधत फिरली. तुमी नाई आले. देवराव भेटला मात्र.

आता लपवू नोको. देवराव म्हणे, "तुमची भावजय नांदेडले ज्या दारातून निघाली, तिथं पाटी होती मानसोपचाराची." त्यानं सोता वाचली. तो म्हणे, प्रफुल्ल कोणाशी बोलत नाई, दुपारचा नाल्याच्या पुलापाशी एकटा बसून राह्यते. वाळून गेला म्हणे. मी तथीच खाली बसली. लोकायले वाटलं गर्दीनं चक्कर आली.

तू मले फसवलं, दीपा. पोरीचं नाव पुढं करून. पोरगी खिडकीत चढते म्हणून कोणी येड्यायच्या डॉक्टरकडं जाते काय? असं असतं तं अर्ध्या जिल्ह्याचे पोट्टे तथीच बसले असते! गाडी गेली, माणूस गप झाला, डॉक्टर मनाचा, अन् बायको इचारते का त्याचं लहानपण कसं होतं. मी काई कुकुलं बाळ नाई. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यायचं हे काय साल चालू हाय ते मले नाई समजत काय? सर्वेवाले घरोघरी येऊन इचारतात, रात्री झोप लागते का, जेवण जाते का. आमच्या इथल्या एका मास्तरीनबाईचा भाऊ असाच होता. घरचे म्हणत होते काई नाई, काई नाई. मंग एका दिवशी झालं ते झालं.

मले सारं सांग. तो जेवते का? कोणासोबत बोलते का? घरात फवाऱ्याचं औषध, उंदराचं औषध, कायचंही ठेवू नोको. त्याले पुलापाशी एकट्याले जाऊ देऊ नोको, पोरगी सोबत धाडजो. मायबाप गेले, मले एकच भाऊ हाय. तू माह्यावर राग काढ, माह्या खानदानावर काढ, पण त्याले सांभाळ.

मी तुह्या मारोतीभाऊजीले धाडून राह्यली. कामाच्या सुट्टीत येतीन. त्यायले काई बोलू नोको.

नलू


ढाणकी
२० ऑक्टोबर २००६

नलूताई,

मारोतीभाऊजी मंगळवारी येऊन गेले. न सांगता, सकाळच्या पहिल्या बसनं. चहा घेतला नाही तोच घरभर फिरायला लागले. मोरीतली फिनाइलची बाटली पिशवीत टाकली. यशूच्या झोक्याचा दोर सोडून घेतला. वर मला कानात म्हणतात, "वहिनी, हिंमत ठेवा." मला काही कळेना, तुमचं पत्र माझ्या हाती दुसऱ्या दिवशी पडलं! हे पोट धरून हसले त्यांच्यासमोर. पण ते गेल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की बस. "तू अन् ताई माह्या मागं काय शिजवून राह्यल्या?" तेव्हापासून माझी पर्स कोणीतरी पाहतं असं मला वाटतं.

ताई, तुमच्या भावाला काही झालेलं नाही. दोन वेळ जेवतात. काम नाही म्हणून पुलावर बसतात, बिनकामाचा माणूस घरात बसला तर बायका हसतात म्हणून. डॉक्टरीणबाईंच्या पाटीवर ते अक्षर आहे, खरं आहे, कारण लेकराचं मनही मनच असतं अन् त्याचा वेगळा डॉक्टर आपल्याकडे नाही. देवरावनं मात्र बाजारभर केलं. परवा यांना एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं गाडीवर ठेवायचं कबूल केलं होतं. काल म्हणतो, "तुमची तब्येत बरी झाली का या, राजेहो." आता हे होस्टेलचं आणखीच जोरानं बोलतात. सोळा नोव्हेंबरला नेणार, पक्कं केलं.

अन् एक सांगते, आता राग आलाच आहे तर. तुम्ही एवढं लांब पत्र लिहिलं, त्यात यशूचं नाव एकदाही नाही, नुसतं "पोरीचं नाव पुढं करून". ती कशी आहे, तिला मार लागला तो भरला का, एका शब्दानं विचारलं नाही. तुम्हाला वाटतं ती नाहीच, मी तिला बनवली आहे.

मी वकील नाही अन् माझ्या माहेरचं कोणी वकील नाही. तुम्हाला मला चोर समजायचं तर समजा. पण हे लहानपणी कसे होते ते एकदा खरं लिहा. नाहीतर सोळा तारखेला माझी पोर जाते.

दीपा


राजूर
१ नोव्हेंबर २००६

दीपा,

तू लाख म्हण त्याले काई झालं नाई. मी बहीण हाय, माह्या मनाले चैन नाई. तू पोरीच्या आडून इचारतं तं इचार, मी आता कोणाच्या आडून सांगत नाई. डॉक्टरले हे सारं वाचून दाखव अन् माह्या भावाले वाचव. उत्पलाची सोयरीक मोडली तं मोडली. पोरीले दुसरं घर भेटते, मले दुसरा भाऊ भेटत नाई.

मी खोटं लिहिलं होतं. पह्यला बाकही नोहता अन् गायही नोहती. प्रफुल्ल एका जागी कधी बसलाच नाई. जेवता जेवता उठे, अर्धी भाकर हातात घेऊन गावभर हिंडे. पाढे त्याले सारे येत, पण पळता पळता म्हणे, बसवला का इसरून जाये. टोप्या किती हरवल्या, दप्तर तं एकदा नाल्यातच टाकून आला, मासोळी पाहाच्या नादात. तिसरीत शाळेच्या टिनावर चढला, मास्तर शिडी आणेपर्यंत दुसरीकडून उतरून घरी आला अन् म्हणे भूक लागली. मास्तर म्हणत, पोट्टं हुशार हाय पण ठेवता येत नाई.

बाबाले वाटे हा माजोरीपणा हाय. बाबा भल्ले शिकाच्या नादाचे. बाबासाहेबानं शिका म्हणलं अन् माह्या पोटी हा असा, म्हणून त्यायचा जीव जळे. घराच्या मेढीले त्याचा पाय बांधून पुस्तक समोर ठेवत. मारत बी. तो मार खाये पण रडे नाई, बाबा थकत, तो नाई थकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माय म्हणे, याच्या अंगात काय भरलं हाय? भगताकडं तं आपण जात नोहतो, मंग इचारावं कोणाले?

होस्टेलचं ऐक. तो होस्टेलात दहावी झाला नाई. आठवीत टाकला अन् दिवाळीच्या आधीच पळाला. तथी त्याले कोंडून ठेवलं होतं एका खोलीत, अभ्यासाले. खिडकीतून निघाला. चार दिवस पत्ता नाई. मायनं अन्नपाणी सोडलं होतं. दिग्रसच्या बैलबाजारात सापडला, व्यापाऱ्यायच्या गाडीखाली झोपला होता, अंगात ताप. बाबानं घरी आणला, तवापासून कोणी हात लावला नाई त्याले, अन् कोणी शाळेचंही नाव घेतलं नाई. गावात सांगतलं का तब्येतीनं परत आणला. लग्नाच्या वेळी दहावी म्हणून सांगतलं. आता म्हण फसवलं, मी ऐकून घेते.

असा माणूस, दीपा. त्याले गाडी पाह्यजे, रस्ता पाह्यजे, चाकं फिरत पाह्यजे. म्हणून तो डायवरकीत टिकला, बाकी सारे कामं सोडले. आता गाडी नाई तं तो पुलावर बसून काय इचार करत असीन, याचा मले घोर हाय. तुह्या यशूचं मले काय सांगतं, ते लेकरू याच्यापुढं काईच नाई.

डॉक्टरले इचार का अशा माणसाले काय औषध असते. अन् मले लवकर लिहिजो, हात जोडते.

नलूताई


ढाणकी
१३ नोव्हेंबर २००६

ताई,

दिवाळीच्या सुट्ट्या संपून आज अंगणवाडी उघडली. टपालात तुमचं काही नाही. समजले. तुमच्या घरात लग्न आहे, तुम्ही तरी का लिहाल?

डॉक्टरीणबाईंकडे मी एकटी पुन्हा गेले तर त्या पुन्हा तेच विचारतील, अन् माझ्याजवळ सांगायला काही नाही. यांच्याशी मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. हे म्हणतात, "तू तिचे लाड करतं म्हणून ती अशी. मी होस्टेलात राह्यलो, मेलो काय?" याच्यापुढं माझं काय चालणार, हे राहिलेले आहेत अन् मी नाही. गुरुवारची पेटी भरून ठेवली आहे. यशूनं ती दोनदा उपसली.

आता तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

दीपा


ढाणकी
१८ नोव्हेंबर २००६

ताई, जयभीम.

मी पत्र लिहिलं म्हणून तुले वाटीन सूर्य कुठून निघाला. बसून लिहून राह्यलो, तीनदा उठलो मधात, म्हणून अक्षर असं हाय.

तुह्यं दीपाले लिहिलेलं पत्र मी चोरलं. अंगणवाडीले सुट्टी होती तं पोस्टमननं घरी आणून देल्लं, माह्या हातात. मले वाटे तुमी दोघी माह्यावर काईतरी करून राह्यल्या. दीपा पोरीले घेऊन माहेरी जाते, तिले तुही फूस हाय, असं माह्या डोक्यात बसलं होतं. म्हणून देल्लं नाई. अन् उघडाची बी हिंमत नोहती. खिशात घेऊन फिरलो दहा-बारा दिवस.

गुरुवारी यशूले घेऊन पुसदले गेलो. होस्टेलच्या बाई चांगल्या होत्या, चहा देल्ला. म्हणे, "काळजी करू नका, इथं पोरी सुधरतात. पहिले काही दिवस दार लावून घ्यावं लागते फक्त." दार लावून, म्हणे. मी म्हणलं, जरा बाहेर जाऊन येतो. यशू तथच्या पोरींमधी मिसळून गेलती, एकीच्या वेणीचं रिबीन सोडून पाहत होती. मी कडुनिंबाखाली बसलो अन् तुह्यं पत्र फोडलं.

ताई, त्यात माह्यं नाव खोडून यशूचं टाकलं तरी एक अक्षर बदलत नाई. भाकर, टोप्या, टीन, सारंच. पळता पळता पाढे. मी तं म्हणत होतो मार खाऊन मी सुधरलो. सुधरलो कुठी? मार संपला तवा मी मोठा झालो होतो, एवढंच. अन् तू लिहिलं का मी रडत नोहतो. रडत होतो. तुमी सारे आत गेले का मंग.

आत गेलो अन् पेटी उचलली. बाई म्हणे, "काय झालं?" मी म्हणलं, काई नाई, पोरगी माह्यावर गेली हाय. ढाणकीची बस सोडली अन् नांदेडची धरली, दवाखाना यशूनंच दाखवला. डॉक्टरीणबाईले दीपानं काई सांगाची गरजच पडली नाई, मीच बोललो घंटाभर, खुर्चीवरून उठून उठून. त्या हसल्या उलीशा. शाळेच्या बाईले चिठ्ठी देल्ली, हिले पुढं बसवा, मधी मधी कामासाठी उठू द्या, एका वेळी एकच गोष्ट सांगा. पुढच्या मह्यन्यात दोघांनी या म्हणे. गोळीचं अजून माह्या मनाले पटत नाई, दीपाले उलीसं पटते, पाहू. वणीच्या पाहुण्यायले मीच जाऊन भेटतो. देवरावच्या तोंडून ऐकाच्या पह्यले माह्या तोंडून ऐकतीन.

दीपा तुह्यं पत्र वाचून भल्ली रडली. माह्यावर नाई, तिच्या त्या कपाशीच्या वेचणीवर. आता तुमचं खानदानच असं म्हणून मले टोचते. टोचू दे.

एक गोष्ट राह्यली. मारोतीभाऊजी फिनाइल घेऊन गेले तवा मी पोट धरून हसलो. पण ताई, तुहा संशय अगदीच खोटा नोहता. मालकानं काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटची एक खेप सांगतली, उमरखेडवरून. मागं कृषी केंद्राच्या दुकानदाराचे खोके होते, कायचे ते तुले सांगाची गरज नाई. यशू जबरदस्तीनं कॅबिनमधी येऊन बसली. आदल्या दिवशी मी तिले मारलं होतं, गालावर वळ होता, अन् तरी माह्याच बाजूले येऊन बसली. येताना नाल्याच्या पुलापाशी मी गाडी लावली अन् चाबी काढली. मले वाटलं पोरगी खाली उतरून खेळीन, नाईतं झोपीन. ती कायची झोपते! बाबा, म्हशीले घाम येते काय? बाबा, पुलाखाली कोण राह्यते? बाबा, आपण काहून थांबलो? बाबा, तू काहून बोलत नाई? एकाचं उत्तर द्यावं तं दुसरं तयार. माह्या डोक्यातला इचार मले पुरा करूच देल्ला नाई तिनं. शेवटी मीच वैतागलो, का चला बाप्पा, हिले हिच्या मायजवळ नेऊन देतो, अन् गाडी चालू केली.

त्या पोरीले गप बसवासाठी मी पुसदले घेऊन गेलतो.

हे दीपाले सांगू नोको. नाई, सांग. नाई, थांब, मीच सांगतो. ती चुलीपाशी हाय. पत्र इथीच सोडतो अन् जातो आत.

तुहा
प्रफुल्ल